बाईंचं दार आणि बँकेचं घर

आमच्या नव्या घरातली एक खोली पाच वर्षं बिनदाराची होती. चौकट होती, बिजागऱ्यांची जागा कोरून ठेवली होती, फक्त दार नव्हतं. दाराच्या जागी माझ्या जुन्या हिरव्या साडीचा पडदा लोंबत असे. नवा माणूस घरी आला की पाणी पिऊन झाल्यावर हमखास विचारायचा, "हे असं काऊन?" मी सांगायचे, "दार नदीपलीकडे आहे, रुसून बसलंय."

यात खोटं काही नव्हतं. दार वैनगंगेपलीकडच्या गावात होतं, माझ्या सासूबाईंच्या झोपडीला. रुसल्या होत्या मात्र सासूबाई. मी त्यांना बाई म्हणायचे, कारण सगळं गावच त्यांना बाई म्हणायचं. त्या मला मास्तरीन म्हणत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण त्यांच्या तोंडून ते ऐकलं की आज वर्गात आपण काहीतरी चुकीचं शिकवून आलोय, असं मला उगीचच वाटायचं.

गडचिरोली तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. चंद्रपुरातले कितीतरी कारकून बदली होऊन इकडे आले, त्यांत माझा नवरा होता. राहायला खोल्या मिळत नव्हत्या. आम्हाला मिळाली ती अशी, की पावसाळ्यात घरमालकाची शेळी आमच्या स्वयंपाकघरात बांधलेली असायची. तक्रार केली की घरमालक म्हणायचा, "ते पयलेपासून इथीच राहते जी, तुमी आता आल्या." त्या शेळीमुळेच आम्ही घर बांधलं, असं मी अजूनही सांगते. जागा स्वस्त होती, आमच्या दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या होत्या, आणि बँकेनं पंधरा वर्षांच्या मुदतीचं कर्ज दिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे वरांडा आणि मागच्या अंगाला एक लहान खोली बाईंसाठी. सासरे कधीच गेले होते, बाई गावात एकट्या राहत होत्या.

त्यांच्या खोलीला नवं दार करायचं नाही, हे नवऱ्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. गवंड्यानं चौकटीचं माप विचारलं तेव्हा तो उभा राहिला, एक हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणाला, "एवढं उंच." मग दोन्ही तळवे समोर धरून रुंदी दाखवली. गवंडी म्हणाला, "टेपनं मोजून आना साहेब." नवरा म्हणाला, "त्या दारासोबत लहानाचा मोठा झालो मी. मोजायचं काय त्यात?"

या दाराबद्दल सांगायला हवं. सासरे तरुणपणी जंगलात लाकूडतोडीला जात. एका हंगामाच्या मजुरीच्या बदल्यात त्यांनी सागाच्या दोन फळ्या मागून घेतल्या आणि स्वतःच्या हातानं दार केलं. दार आपलं होतं, पण ते लावायची जागा कधी आपली नव्हती. झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर. जमीनवाल्याच्या मनात आलं की उठायचं. असं तीनदा उठावं लागलं. कुडाच्या भिंती तिथंच सोडून द्यायच्या, नव्या जागी नव्या लिंपायच्या, दार मात्र सोबत न्यायचं. पुढे बाई, मागे सासरे, दोघांच्या डोक्यावर आडवं दार, आणि दाराखालच्या सावलीत चालणारा माझा नवरा, पाच-सहा वर्षांचा. हे सांगताना तो नेहमी हसायचा. म्हणायचा, त्या उन्हात अख्ख्या गावात मला एकट्यालाच सावली होती. मला ते ऐकून हसू यायचं नाही.

घर बांधून झालं, चुना लागला, बुद्धवंदना झाली. आम्ही बाईंना आणि दाराला आणायला गेलो. जाताना मी गहाणखताची नक्कल पिशवीत घातली. कशाला, तर मिरवायला. त्या कागदावर नवऱ्याच्या नावाखाली माझंही नाव होतं, आणि तो कागद मला घडाघडा वाचता येत होता. बाई अंगणात बसून वाळलेली मोहफुलं निवडत होत्या. मी मोठ्यानं वाचू लागले. जागेच्या चारी बाजूंच्या हद्दी वाचल्या, त्या त्यांनी मान हलवत ऐकल्या. मग ते वाक्य आलं, की कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या परवानगीशिवाय बांधकामात कोणताही फेरफार करता येणार नाही.

बाईंचा हात थांबला. "म्हंजे काय?"

"म्हणजे काही नाही, बाई. भिंत पाडायची, खोली वाढवायची झाली तर बँकेला विचारायचं."

"एखादी खिडकी पाडाची असन तर?"

"तरी विचारायचं."

"अन घराचा असली कागद कुठी आहे?"

"बँकेच्या तिजोरीत."

बाई हसल्या. "मंग घर बँकेचं आहे, मास्तरीन. तुमी रखवालीले आहा." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "तीनदा काढलं बाबू ते दार म्या. लोकाच्या भितीत आता परत बसवत नाई. कागद घरी आना, मंग दार न्या. अन मलेही न्या."

"पंधरा वर्षं लागतील, माय."

"लागू दे. मी कुठी चालली?"

मला असा राग आला की परतताना नदीच्या वाळूतून मी नवऱ्याच्या पुढे पन्नास पावलं चालत होते आणि मागे न बघता बोलत होते. एवढं घर बांधलं, त्याचं काही नाही. म्हातारीला एका ओळीवरून खुसपट काढायचंय. तुम्हीच समजावा तिला, मी परत यायची नाही. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा माझ्या अहवालात लिहिलं होतं की बाई कामसू आहेत, पण कोणापुढे वाकत नाहीत. त्यांना मी त्या दिवशी दिसायला हवी होते.

पाण्याजवळ आल्यावर मी थांबले. नवरा मागून हळूहळू आला. बायको भडकली की तो खाली बघून चालतो, तसाच आला. म्हणाला, "पंधरा वर्षांनी माय किती वर्षांची होईल?"

बाईंच्या जन्माचा दाखला नव्हता. आम्ही दोघांनी तिथं उभं राहून बोटांवर हिशोब केला. जास्तीत जास्त सवलत दिली तरी पंचाहत्तरच्या पुढे आकडा गेला. आत्ताच त्यांचे गुडघे उठताना वाजत होते.

"त्या दारातून ती आपल्या पायानं आत जावी, एवढंच आहे माझं," तो म्हणाला. आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरला.

माझा राग असा आहे की तो पेटतो पटकन आणि विझायला त्याला काहीतरी काम लागतं. घरी आल्या आल्या मी शाळेतून आणलेला एक मोठा पांढरा कागद जमिनीवर पसरला. पंधरा वर्षांचे एकशेऐंशी हप्ते. एकशेऐंशी चौकोन आखले आणि कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला. मुलगी नऊ वर्षांची होती, तिच्या हातात निळी पेन्सिल दिली. मुलगा सहाचा, त्याला लाल. दर महिन्याचा ठरलेला हप्ता भरला की मुलीनं पुढून एक चौकोन निळा करायचा. त्याहून जास्तीचे पैसे मुद्दलात भरले की जेवढं मुद्दल कमी झालं, तेवढे शेवटचे हप्ते भरायचेच उरत नाहीत. म्हणून मुलानं मागून, शेवटच्या चौकोनापासून, लाल रंगवत यायचं. निळं आणि लाल जिथं भेटतील तिथं आजी घरी येईल, असं मी सांगितलं. मुलांना ते लगेच समजलं. नवऱ्याला दोनदा समजवावं लागलं.

मग ठरवलं, की घर माझ्या पगारात चालवायचं आणि त्याचा पगार अख्खा बँकेत. ते दिवस मला कष्टाचे म्हणून आठवतच नाहीत. खरं तर लग्नानंतर आम्ही दोघं इतकं कधी बोललोच नव्हतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघं जण त्या कागदासमोर बसायचो आणि या महिन्यात कशाला फाटा द्यायचा यावर भांडायचो. शेजारी टीव्ही आला, आम्ही रविवारी सकाळी पाहुणे होऊन तिथं जायचो आणि जाताना आमच्या झाडाचा कढीपत्ता घेऊन जायचो, म्हणजे फुकट नको. नवऱ्यानं स्कूटरसाठी नंबर लावला होता तो काढून टाकला आणि जुन्याच सायकलला नवी घंटी बसवली. महागाई भत्त्याचा फरक मिळाला त्या दिवशी तो ऑफिसातून घरापर्यंत ती घंटी वाजवत आला. मुलगा तर इतका कंजूस झाला की एकदा पाहुण्यांना चहा देताना म्हणाला, "साखर कमी घ्या ना काका, माझी लाल पेन्सिल थांबून राह्यली." पाहुणे गेल्यावर त्याला रागवायचं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथं हसत बसले.

आठ महिने असे गेले. चौकोनांवर लाल चांगला दिसायला लागला होता. एक दिवस खात्याचा उतारा मागायला मी बँकेत गेले. खिडकीमागे एक तरुण कारकून होता, चंद्रपूरकडचाच. त्यानं मोठी वही उघडली, बोट फिरवलं आणि खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमचे तर पुढचे नऊ हप्ते भरून झाले. आता नऊ महिने आराम करा."

"आराम?"

"हो जी. ॲडव्हान्स जमा आहे न."

म्हणजे आम्ही जास्तीचे म्हणून भरलेले पैसे त्यानं पुढच्या महिन्यांचे हप्ते म्हणून लिहून ठेवले होते. मुद्दल जिथल्या तिथं, व्याज जिथल्या तिथं, आणि मुदत पंधरा वर्षांची पंधरा वर्षं. माझ्या मुलानं रंगवलेला एकही लाल चौकोन खरा नव्हता. मी खिडकीशीच बोलायला सुरुवात केली. शेवटी मागे रांग लागली, शाखाधिकारी बाहेर आले, आणि शिपायानं मला बसायला खुर्ची आणून दिली, तीही मी नाकारली.

"पन मॅडम," कारकून बिचारा म्हणत होता, "लोक इथी हप्ता चुकवाले येते. जास्तीचं भराले कोनी येतच नाई. मले वाटलं, तुमी गावाले चालल्या."

मी त्याच्याकडून एक कागद मागून घेतला आणि चौकोन काढले. "तुम्ही पुढून रंगवून राहिले," मी म्हटलं. रागात माझी भाषा माहेरची होते. "मला मागून रंगवायचं आहे. मागून." त्यानं बराच वेळ त्या चौकोनांकडे बघितलं. मग गणित सुटलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं, तसं हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं. शाखाधिकाऱ्यांनी अर्ज लिहून घेतला आणि सगळी रक्कम तारीखवार मुद्दलात वळवून दिली. त्या कारकुनाशी नंतर माझी चांगली गट्टी जमली. प्रत्येक वेळी पैसे भरताना तो पावतीवर "मुद्दलात" असं लिहायचा, खाली दोन रेघा मारायचा आणि पावती उलटी करून मला दाखवायचा.

बाईंना हे सगळं लेकाकडून कळत होतं. पुढच्या मे महिन्याच्या तोंडावर त्यांचा निरोप आला: सुट्टी लागली की मास्तरीनला पाठवून दे, तेंदूचा हंगाम आहे. "कर्ज तुमचं आहे, पन घाई माही आहे," असंही वर सांगितलं होतं.

मी कधी ही बिडीची पानं तोडली नव्हती. चंद्रपूरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली मी, जंगल मला बसच्या खिडकीतून माहीत. पहाटे बायांच्या घोळक्यात निघायचं, ऊन चढायच्या आत कमरेला बांधलेलं धोतर पानांनी भरायचं, आणि दुपारी झाडाखाली बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. वाघाची भीती वाटते का, असं मी वाटेत एकीला विचारलं. ती म्हणाली, इतक्या बाया बोलून राह्यल्या असल्यावर तोच पळते. पुडे बांधताना मी तोंडानं मोजायचे, एक, दोन, तीन. माझे सत्तर होईपर्यंत बाईंचे चार पुडे बांधून झालेले असायचे. त्या मोजतच नव्हत्या. मला शंका आली म्हणून मी त्यांचा एक पुडा सोडून मोजला. सत्तर होते. दुसरा सोडला. सत्तर. तिसऱ्याला हात लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "सोड, सोड, सगळे सोड. मंग बांधजो पन तूच."

संध्याकाळी पुडे जिथं मोजून घेतात त्या जागेला फळी म्हणतात. तिथला मुन्शी मला बघून ताडकन उठला. "मॅडम, तुमी?" माझाच जुना विद्यार्थी. मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. शाळेची बाई, डोक्याला पदर गुंडाळलेला, हात चिकानं काळे. बाई शांतपणे म्हणाल्या, "घरचं काम आहे." आणि आमचे पुडे त्याच्यासमोर मांडले. त्यानं ते नीट तपासले आणि माझे अकरा पुडे बाजूला काढले, पानं फाटकी म्हणून. चौथीत मी त्याला गणितात नापास केलं होतं. ते आम्हा दोघांनाही आठवलं. बाई परतीच्या वाटेवर एकदम थांबल्या, एका झाडाला हात टेकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अकरा," एवढंच म्हणायच्या आणि परत हसायच्या.

मी आधी फणकारले. मग मीही हसले. नदीच्या वाळूत पन्नास पावलं पुढे चालणारी मी, त्या दिवसापासून त्यांच्या शेजारून चालू लागले. त्यानंतर प्रत्येक मे महिन्यात मी नदीपलीकडे गेले. दुसऱ्या वर्षी माझे चार पुडे परत आले, तिसऱ्या वर्षी एकही नाही.

त्याच तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात बाई अंगणात घसरून पडल्या. गुडघा सुजला. लेकानं अक्षरशः उचलून आणलं त्यांना आमच्याकडे, दवाखान्यात दाखवायला. मी धावत जाऊन मागच्या खोलीत गादी घातली, पडदा बाजूला केला. बाईंनी त्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी पाव्हनी आहे, मास्तरीन. पाव्हनी वरांड्यात." आठ दिवस त्या वरांड्यातल्या खाटेवर झोपल्या. मुलगा त्यांना लाल चौकोन मोजून दाखवायचा. नवव्या दिवशी काठी टेकत बसस्टँडवर गेल्या. त्या दिवशी नवरा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन बांगड्या मोडल्या आणि बँकेत भरल्या. मला भीती वाटत होती. दार येईल, पण त्यातून आत जाणारी नसेल, ही ती भीती होती. मुलाला मी म्हटलं, जरा जोरात रंगव रे बाळा, जसं काही त्याच्या रंगवण्यावरच सगळं होतं.

पाचव्या मे महिन्यात निळा आणि लाल यांच्यामध्ये एकच पांढरा चौकोन उरला. तेंदूचे पैसे हाती आले त्याच दिवशी मी आणि बाई नदी ओलांडून सरळ बँकेत गेलो. तोच कारकून खिडकीत होता. त्यानं वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि आतून कागदांचं जाडं पाकीट घेऊन तो स्वतः बाहेर आला. "मॅडम, आता मी कोनाशी भांडू?" म्हणाला. पाकीट त्यानं माझ्या हातात दिलं नाही, बाईंच्या हातात दिलं. हे सगळं मी त्याला कधीतरी सांगितलं असणार. बाईंनी ते पाकीट पदरात गुंडाळलं आणि घरी पोचेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. शेवटचा चौकोन कोणी रंगवायचा यावर मुलांची मारामारी झाली. तो अर्धा निळा, अर्धा लाल झाला.

दोन दिवसांनी दार आलं. मे महिन्यात नदीला गुडघाभर पाणी, बैलगाडी वाळूतून आरपार आली. गल्लीच्या तोंडाशी बाईंनी गाडी थांबवली. "इथून डोक्यावर," म्हणाल्या. त्यांचा गुडघा आता ऐकत नव्हता, त्यामुळे पुढे नवरा आणि मागे मी. भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, मी डोक्यावर दार घेऊन चालले होते. जड होतं. मान अवघडली. पण दाराखाली बघितलं तर माझी दोन्ही मुलं सावलीत चालत होती, आणि त्यांच्या मधोमध, मुलीचा खांदा धरून, बाई. पुढे नवऱ्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय हे मला मागून कळेना, आणि मीही त्याच अवस्थेत होते.

दार चौकटीला लावलं.

ते बसतच नव्हतं. चौकटीपेक्षा चार बोटं रुंद आणि हातभर बुटकं. नवऱ्यानं टेप आणला, तीनदा मोजलं. गवंड्याला बोलावलं होतं, तो मिशीतल्या मिशीत हसत उभा. "साहेब, तुमी दाखवलं थे माप बरोबरच होतं," तो म्हणाला. "फक्त तुमी तेव्हा बारके असान." नवऱ्याचे कान लाल झाले. सहा वर्षांच्या पोरानं खालून बघितलेलं दार त्याच्या मनात तेवढंच उंच आणि अरुंद राहिलं होतं. पाच वर्षं आम्ही एका आठवणीच्या मापाची चौकट सांभाळली होती.

"काई नाई," गवंडी म्हणाला, "दाराची कड चार बोटं कापू, वरून फळी ठोकू. घंटाभराचं काम."

बाई वरांड्यातल्या खाटेवर बसल्या होत्या, पाकीट अजून कमरेला. त्यांनी मला हाक मारली. "मास्तरीन, त्या कागदात होतं न, बँकेले विचारल्याबिगर काई फोडता येनार नाई?"

"होतं, बाई."

"आता कोनाले विचारा लागते?"

"कोणालाच नाही."

"मंग दार काऊन कापता?" त्या म्हणाल्या. "भित फोडा न."

गवंडी म्हणाला, नवी विटांची भिंत, चांगली चौकट, खर्च वाढेल. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. पाच वर्षं एकेक चमचा साखर मोजलेली बाई मी. मी कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली, पदर खोचला आणि चौकटीशेजारी पहिला घाव घातला. वीट हलली, चुन्याचा पापुद्रा माझ्या पायावर पडला. दुसरा घाव नवऱ्यानं घातला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतकी मजा मला त्या घरात त्याआधी कधी आली नव्हती.

तीन दिवस काम चाललं. गवंड्यानं चौकट रुंद केली, वरची पट्टी खाली घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी दार बसलं. बाई काठी वरांड्यात ठेवून, भिंतीला धरत, आपल्या पायानं आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

आम्ही चौघं बाहेर बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. आतून काही आवाज नाही. मुलगी म्हणाली, आजी झोपली असेल. नवरा म्हणाला, राहू दे. पण माझा जीव राहिना. मी चहा केला, साखर पोटभर घातली, आणि कप घेऊन दार वाजवलं.

"कोन आहे?"

"मी, मास्तरीन. चहा आणलाय."

कडी सरकल्याचा आवाज आला. मी आत जायला पाऊल टाकलं आणि माझं कपाळ वरच्या पट्टीवर दणकन आदळलं. चहा बशीत सांडला. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, डोळे लाल, चेहरा कोरडा पुसलेला.

"ये," त्या म्हणाल्या. "पन वाकून ये. हे माह्यं घर आहे."

मी वाकून आत गेले.